घराची जमीन का फुगते?

प्रस्तावना

‘जमीन’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. ज्या भूमीवर घर उभे राहते ती जमीन आणि घरात ज्या पृष्ठभागावर माणसे वावरतात तीही जमीनच. बोलताना हे दोन अर्थ सहज वेगळे ओळखता येतात. परंतु घर बांधल्यावर मात्र त्यांना एकमेकांपासून तोडता येत नाही. बाहेरच्या जमिनीत जे बदल घडतात, त्यांचा परिणाम घरातल्या जमिनीवर होतोच.

पाऊस सुरू झाल्यावर काही घरांतील फरशी मधोमध उचलली जाते, दार चौकटीत अडकू लागते, आडभिंतीला तिरकी भेग पडते. उन्हाळ्यात ती भेग बारीक होते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रुंदावते. घरमालक गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला दोष देतो आणि फरशी फोडून नवी बसवली जाते. दोन पावसाळ्यांनंतर नवी फरशीही तशीच उचलली जाते. आयुष्यभराची बचत घालून बांधलेल्या घराच्या बाबतीत असे घडले, तर त्या कुटुंबाचे होणारे नुकसान केवळ पैशांचे नसते. या पाठात जमीन फुगण्यामागील कारणे व त्यावरील उपाय यांची माहिती दिली आहे. त्यासाठी छत्तीसगडमधील भिलाईजवळच्या कुम्हारी या गावाचा परिसर उदाहरण म्हणून घेतला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
- फुगणाऱ्या मातीची लक्षणे सांगता येतील;
- भिंतीपेक्षा फरशी अधिक का उचलली जाते, याचे कारण स्पष्ट करता येईल;
- फरशी फुगण्याची वेगवेगळी कारणे ओळखता येतील;
- नवे घर बांधताना व जुने घर सांभाळताना घ्यावयाची काळजी सांगता येईल;
- पाठातील पारिभाषिक शब्द व वाक्प्रचार यांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

१. कुम्हारीची माती

कुम्हारी हे दुर्ग जिल्ह्यातील नगर रायपूर व भिलाई या दोन शहरांच्या मध्ये, मुंबई–हावडा लोहमार्गावर वसले आहे. पूर्वेला जवळच खारून नदी वाहते. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि या साऱ्या पट्ट्याचे रूप पालटू लागले. शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे होतीच. कारखान्याच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली आणि त्यांनी येथेच घरे बांधली.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या मातीचे चार प्रकार फार पूर्वीपासून ओळखले आहेत. उंचावरची खडेमिश्रित, तांबूस, मुरमाड माती म्हणजे ‘भाठा’. तिच्या खालच्या उतारावरची पिवळसर, हलकी माती म्हणजे ‘मटासी’. सखल भागातील काळी, भारी, चिकट माती म्हणजे ‘कन्हार’. मटासी आणि कन्हार यांच्या मधल्या गुणांची माती म्हणजे ‘डोरसा’. दुर्ग–रायपूरच्या मैदानाखाली मुख्यतः चुनखडक व शेल हे खडक आहेत. महाराष्ट्रातील काळी माती बेसाल्ट खडकापासून झाली. येथील कन्हार प्रामुख्याने या चुनखडक–शेलच्या झिजेतून तयार झाली. दोघींचे मूळ वेगळे असले तरी स्वभाव सारखाच आहे. पाणी मिळाले की फुगणे आणि पाणी गेले की आकसून भेगाळणे, हा तो स्वभाव होय.

शेतकऱ्याला हा स्वभाव उपकारक ठरतो. कन्हार माती ओलावा धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यानंतरही तीत हरभरा, गहू, लाखोळी यांसारखी पिके येतात. मात्र घर बांधणाऱ्याला तोच स्वभाव त्रासदायक होतो. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत असत. पिकासाठी काळी आणि राहण्यासाठी पांढरी, अशी ही विभागणी होती. शहरे वाढली, जागा अपुरी पडू लागली आणि वस्ती काळीवर सरकली. दोष काळ्या मातीचा नाही. तिचा स्वभाव लक्षात न घेता तिच्यावर घर उभारले जाते, हा खरा दोष आहे.

२. माती फुगते म्हणजे काय होते?

मातीत वाळू, गाळ आणि चिकणमाती असे लहानमोठे कण असतात. चिकणमातीचे कण सर्वांत सूक्ष्म, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतात. काळ्या मातीत ‘माँटमोरिलोनाइट’ नावाचे खनिज विपुल असते. फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावावरून त्याला हे नाव मिळाले. या खनिजाची रचना एखाद्या वहीसारखी असते. अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि एका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी असते. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. असे असंख्य पापुद्रे एकाच वेळी दूर सरले की मातीचे आकारमान वाढते. उन्हाने पाणी निघून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि मातीला भेगा पडतात.

मध्य छत्तीसगडच्या मैदानात वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यामुळे येथील माती दर वर्षी एकदा खोलवर सुकते आणि एकदा तुडुंब भिजते. माती सतत ओली राहिली तर ती एकदा फुगून स्थिर होते; सतत कोरडी राहिली तरी ती स्थिर असते. घराला अपाय होतो तो या दोन अवस्थांमधील ये-जा सुरू राहिल्यामुळे. शिवाय घराखालची सारी माती एकसारखी भिजली, तर घर थोडे वर उचलले जाईल आणि थोडे खाली बसेल. भेगा मात्र कमी पडतील. एका कोपऱ्याखाली नळ गळत असेल आणि दुसरा कोपरा कोरडा असेल, तेव्हा घर पिळवटले जाते.

३. भिंत जागेवर, फरशी वर

पुष्कळ घरांत भिंती जागेवर राहतात आणि खोलीची फरशी मात्र उचलली जाते. यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण वजनाचे आहे. भिंतीवर छताचा भार असतो आणि तो पायावाटे मातीवर पडतो. याउलट, १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर आणि त्यावरील फरशी यांचे वजन प्रतिचौरस मीटर साधारण ३०० ते ३५० किलोग्रॅम भरते. फुगणारी काळी माती जो दाब वर देते, तो काही ठिकाणी प्रतिचौरस मीटर १० टन किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. एवढ्या दाबापुढे हलक्या फरशीचा टिकाव लागत नाही.

दुसरे कारण ओलाव्याचे आहे. फरशी घातल्यावर तिच्याखालच्या मातीतील पाण्याची वाफ होणे थांबते. खालून व बाजूंनी येणारा ओलावा तेथे साठत राहतो. बाहेरच्या भिंतीलगतची माती उन्हाळ्यात सुकते, खोलीच्या मध्यभागची सुकत नाही. म्हणून फरशीला मधोमध घुमटासारखा फुगवटा येतो. घर बांधल्यानंतर पहिल्या काही वर्षांतच हा फुगवटा विशेष दिसू लागतो, त्याचेही कारण हेच आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. छत्तीसगडमधील काळ्या, भारी मातीला ____ असे म्हणतात.
२. जुन्या गावगाड्यात वस्तीच्या जागेला ____ म्हणत असत.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. माती सतत ओली राहिल्यानेच घराला सर्वाधिक अपाय होतो.
२. फरशीखालच्या मातीतील पाण्याची वाफ होणे थांबते.

४. सगळे फुगवटे मातीचे नसतात

फरशी उचलली गेली म्हणजे खालची काळी मातीच कारणीभूत आहे, असे लगेच ठरवू नये. आणखी दोन कारणे संभवतात.

*भरावाचे साहित्य :* जोत्यात जो भराव घालतात, तोच कधीकधी फुगतो. पोलाद कारखान्यांच्या परिसरात स्लॅग, म्हणजे धातुमळ, स्वस्तात मिळतो. झोतभट्टीतील स्लॅग पाण्याने थंड करून दाणेदार केला की तो सिमेंट बनवण्यासाठी उपयोगी पडतो. लोखंडाचे पोलाद करताना निघणारा स्लॅग मात्र वेगळा असतो. त्यात संयोग न पावलेला चुना राहिलेला असू शकतो. चुनकळीवर पाणी टाकले की ती तापते, फुटते आणि फुगते, हे पूर्वी प्रत्येक गवंडी जाणत असे. चुनकळी विरली की तिच्या घन भागाचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. न विरलेला चुना असलेला स्लॅग फरशीखाली गेला, तर हीच क्रिया फरशीखाली महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून असा स्लॅग उघड्यावर दीर्घकाळ पावसापाण्यात मुरवून व तपासूनच वापरतात. घराच्या जोत्यात तो न घालणे हेच उत्तम.

भरावामुळे फरशी फुगल्याची घटना इतर देशांतही घडली आहे. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या आसपासच्या वसाहतींत २००७ च्या सुमारास घरांच्या फरश्या उचलल्या जाऊ लागल्या व भिंतींना तडे गेले. फरशीखाली भरलेल्या खडीत पायराइट हे लोह व गंधकाचे खनिज होते. हवा व ओलावा लागून त्यापासून जिप्सम तयार झाले आणि भराव फुगला. अखेर त्या देशाला २०१३ साली याविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. दोषी घरांची फरशी काढून सारा भराव उपसणे आणि चांगला भराव घालून नवी फरशी करणे, हाच उपाय तेथे योजण्यात आला. वरची फरशी तेवढी बदलून काही साधले नसते.

*फरशीचे तुकडे :* भाजलेल्या मातीच्या चकचकीत फरश्या हवेतील ओलावा हळूहळू शोषतात आणि किंचित वाढतात. त्या एकमेकींना चिकटवून, मध्ये फट न ठेवता बसवल्या असतील, तर वाढायला जागा उरत नाही. मग एखाद्या दिवशी तापमान एकाएकी बदलले की दोन ओळी तंबूसारख्या उभ्या राहतात, कधी मोठा आवाजही होतो. अशा वेळी खालचा कोबा सपाट आणि शाबूत असतो. ही कारागिरीतील उणीव आहे. तिचा मातीशी संबंध नाही.

५. कारण कसे ओळखावे?

फरशी फोडण्यापूर्वी निरीक्षण करावे. त्याला फारसा खर्च येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे फरशीवर नाण्याने किंवा लाकडी दांड्याने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला आणि उचललेल्या तुकड्याखाली कोबा सपाट आढळला, तर दोष फरशी बसवण्यातला आहे. कोब्यालाच फुगवटा वा भेग असेल, तर कारण त्याहून खोल आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून त्यांमधील अंतर व तारीख वहीत लिहावी आणि दर महिन्याला ते अंतर मोजावे. पावसाळ्यात रुंदावणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी भेग मातीकडे बोट दाखवते. ऋतू कोणताही असो, सतत वाढतच जाणारा फुगवटा भरावाविषयी किंवा गळक्या नळाविषयी संशय निर्माण करतो. फरशीची उंची तपासण्यासाठी गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तिच्या साहाय्याने खोलीचा मध्य आणि कोपरे यांतील फरक कळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मातीची परीक्षा करावी. भारतीय मानक संस्थेने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार, सुकवून चाळलेल्या मातीचे १०–१० ग्रॅमचे दोन भाग घेतात. एक भाग पाणी असलेल्या मोजपात्रात आणि दुसरा रॉकेल असलेल्या मोजपात्रात टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींची आकारमाने पाहतात. समजा, रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटर आणि पाण्यात १७ मिलिलिटर भरली. फरक ७ मिलिलिटरचा. म्हणजे माती ७० टक्के फुगली. हे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक आले, तर त्या जागेवर साध्या पद्धतीने घर बांधू नये. घरी दोन सारख्या काचेच्या पेल्यांत हा प्रयोग केला तरी ढोबळ कल्पना येते. परंतु अंतिम निर्णयासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आधार घ्यावा. घरी प्रयोग करताना रॉकेल विस्तवापासून व मुलांपासून दूर ठेवावे.

पाठगत प्रश्न २

थोडक्यात उत्तरे लिहा.
१. पोलाद तयार करताना निघणारा स्लॅग जोत्यात का घालू नये?
२. उचललेल्या तुकड्याखाली कोबा सपाट आढळल्यास कोणता निष्कर्ष निघतो?
३. एका परीक्षेत माती रॉकेलमध्ये १० मिलिलिटर व पाण्यात १४ मिलिलिटर भरली. माती किती टक्के फुगली?

६. नवे घर बांधताना

पायासाठी खोदलेली काळी माती जोत्यात भरणे, ही सर्वांत मोठी चूक आहे. माती समोरच पडलेली असते, मुरूम विकत आणावा लागतो. म्हणून ही चूक वारंवार होते. अशा रीतीने फुगणारी माती फरशीच्या अगदी खाली आणून ठेवली जाते.

त्याऐवजी खोलीच्या जागेवरील काळी माती शक्य तितकी काढून तेथे मुरूम भरावा. मुरूम ६-६ इंचांच्या थरांत टाकून, प्रत्येक थर माफक पाणी शिंपडून धुम्मसाने चांगला ठोकावा. नुसती वाळू भरणे मात्र हिताचे नाही. वाळूतून पाणी सहज वाहते व तळाशी साठून काळ्या मातीलाच मिळते. थोडी चिकण असलेला, तरीही न फुगणारा मुरूम अधिक उपयुक्त ठरतो. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केले. न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर काळ्या मातीवर ठोकून बसवल्यास खालच्या मातीचा फुगवटा पुष्कळ अंशी रोखला जातो, असे त्यांनी दाखवून दिले. कुम्हारीच्या परिसरात काळी कन्हार आणि मुरमाड भाठा एकमेकींपासून फार दूर नसतात. एकीच्या दोषावरील उपाय दुसरीत आहे.

मुरूम किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीत दीड फूट काळी माती काढली आणि जोते दीड फूट उंच ठेवले, तर भरावाची जाडी ३ फूट होईल. १२ × १० × ३ = ३६० घनफूट, म्हणजे ३.६ ब्रास. ठोकल्यावर मुरूम दबतो. म्हणून सुमारे एक चतुर्थांश अधिक धरावा. एकूण साडेचार ब्रास मुरूम लागेल.

फरशीखालचा कोबा भिंतीला घट्ट जोडू नये. कडेने बारीक फट ठेवावी, म्हणजे फरशी किंचित हलली तरी भिंतीला धक्का बसत नाही. आतील आडभिंत फरशीवर उभी करू नये; तिलाही स्वतंत्र आधार द्यावा. फरशीच्या तुकड्यांमध्ये २ ते ३ मिलिमीटर सांधा ठेवावा.

जेथे काळी माती फार खोल आहे, तेथे पायाचा विचार अभियंत्याकडून करून घ्यावा. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी ‘अंडररीम्ड पाइल’ ही पद्धत विकसित केली. यात जमिनीत खोल छिद्र घेऊन, त्याचा तळ घंटेसारखा रुंद करून काँक्रीटचा खांब ओततात. भारतीय मानकाप्रमाणे खोल काळ्या मातीत हा खांब जमिनीखाली किमान ३.५ मीटर असावा, कारण त्याखालच्या मातीतील ओलावा ऋतूंप्रमाणे फारसा बदलत नाही. या खांबांवरील तुळई जमिनीला टेकू न देता खाली सुमारे ८ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवतात. माती फुगली तर ती त्या पोकळीत फुगते. घराला ढकलत नाही.

७. बांधलेल्या घरात

घर बांधून झालेले असेल, तर मातीचा स्वभाव बदलता येत नाही. पाण्याची ये-जा मात्र आवरता येते.

छपरावरचे पाणी नळीने घरापासून दूर न्यावे. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडू देऊ नये. घराभोवती किमान एक मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतार असलेला पक्का पट्टा करावा. न्हाणीघर, मोरी व शौचालय यांच्या नळ्या गळत नाहीत ना, हे वर्षातून एकदा तपासावे. रात्री घरातील सर्व नळ बंद करून पाण्याच्या टाकीची पातळी खूण करून ठेवावी. सकाळी पातळी उतरलेली आढळली, तर कोठेतरी गळती आहे. शोषखड्डा भिंतीला लागून घेऊ नये.

झाडांचाही विचार करावा. मोठे झाड उन्हाळ्यात मुळांवाटे मातीतील पाणी ओढून घेते आणि तेवढाच भाग खचतो. म्हणून पिंपळ, वड, निलगिरी यांसारखी झाडे त्यांच्या वाढत्या उंचीइतक्या अंतरावर लावावीत. घराजवळ मोठे झाड आधीपासून असेल, तर ते घाईने तोडू नये. झाड तुटले की मुळे ओढत असलेले पाणी मातीतच राहते आणि पुढील काही वर्षे ती जागा फुगत जाते.

एवढे केल्यावर एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा, वहीतील मोजमापे पाहावीत आणि हालचाल थांबल्याची खात्री झाल्यावरच फरशी दुरुस्त करावी. आधी फरशी व मग पाणी हा क्रम म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणण्यासारखेच. भिंतीची भेग बोटाएवढी रुंद झाली असेल, भिंत ओळंब्यातून सुटली असेल किंवा छताला तडा गेला असेल, तर मात्र वाट न पाहता अभियंत्याला बोलवावे.

पूर्वी शेणाने सारवलेली जमीन उलली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवता येत असे. ती जमीन मातीबरोबर हलत असे आणि तिची दुरुस्तीही घरच्या घरी होत असे. काँक्रीट व फरशी यांना असे हलता येत नाही. घरे अधिक पक्की झाली, तसे खालच्या मातीला समजून घेण्याचे कामही अधिक गरजेचे झाले आहे. गवंडी, मजूर आणि घरमालक यांपैकी ज्याला मातीची पारख आहे, त्याने पाया खोदण्याच्या दिवशी उच्चारलेला एक शब्द पुढील अनेक वर्षांचा खर्च वाचवू शकतो.

पाठगत प्रश्न ३

योग्य पर्याय निवडा.
१. जोत्यात भरण्यासाठी सर्वांत योग्य : (क) खोदलेली काळी माती (ख) नुसती वाळू (ग) थोडी चिकण असलेला मुरूम
२. घराजवळचे मोठे झाड एकदम तोडल्यास माती : (क) खचत जाते (ख) फुगत जाते (ग) तशीच राहते

शब्दार्थ

जोते – जमिनीच्या पातळीपासून फरशीपर्यंतचा बांधकामाचा उंच भाग
भराव – पोकळी भरण्यासाठी टाकलेली माती, मुरूम इत्यादी
धुम्मस – माती ठोकून दाबण्याचे जड साधन
कोबा – काँक्रीटचा सपाट थर
ओळंबा – भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्याचे साधन
ब्रास – १०० घनफुटांचे माप
चुनकळी – भाजलेला, न विरवलेला चुना

भाषाभ्यास

१. द्वंद्व समास : ‘काळी-पांढरी’ म्हणजे काळी आणि पांढरी. दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची असली की द्वंद्व समास होतो. ‘ऊनपाऊस’ हा शब्दही तसाच आहे. पाठातून असा आणखी एक शब्द शोधा.

२. प्रयोजक क्रियापद : ‘माती फुगते’ या वाक्यात क्रिया माती स्वतः करते. ‘पाणी मातीला फुगवते’ या वाक्यात पाणी ती क्रिया घडवून आणते. ‘फुगवते’ हे प्रयोजक क्रियापद आहे. ‘बसणे’, ‘सुकणे’, ‘हलणे’ यांची प्रयोजक रूपे लिहा.

३. म्हण : ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणजे संकट एकीकडे आणि उपाय भलतीकडे. या म्हणीचा तुमच्या अनुभवातील एका प्रसंगाच्या वर्णनात उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

- काळ्या मातीतील खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरल्याने ती फुगते व पाणी गेल्याने आकसते.
- फरशी हलकी असल्याने व तिच्याखाली ओलावा साठल्याने ती भिंतीपेक्षा अधिक उचलली जाते.
- फुगवट्याचे कारण माती, भराव किंवा फरशीची मांडणी यांपैकी कोणतेही असू शकते. निरीक्षणाने ते ओळखता येते.
- नव्या घरात काळ्या मातीऐवजी मुरूम भरावा; जुन्या घरात प्रथम पाण्याची वाट शोधून ती बंद करावी.

स्वाध्याय

१. ‘दोष काळ्या मातीचा नाही’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. माती, भराव आणि फरशीची मांडणी या तीन कारणांची लक्षणे तक्त्याच्या रूपात लिहा.
३. १० फूट × १० फूट खोलीत २ फूट जाडीचा मुरूम भरावयाचा आहे. ठोकण्यासाठी एक चतुर्थांश अधिक धरून किती ब्रास मुरूम लागेल?
४. नवे घर बांधणाऱ्या नातेवाइकाला जोत्याच्या भरावाविषयी सल्ला देणारे पत्र लिहा.
५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या अनुभवी गवंड्याला भेटा. मातीच्या प्रकारांची स्थानिक नावे व त्या मातीत पाया घेताना तो घेत असलेली काळजी यांची नोंद करा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (अ) १. कन्हार २. पांढरी (आ) १. चूक २. बरोबर
पाठगत प्रश्न २ : १. त्यात न विरलेला चुना असू शकतो व पाणी लागल्यावर तो फुगतो. २. दोष फरशी बसवण्यातला आहे. ३. ४० टक्के
पाठगत प्रश्न ३ : १. (ग) २. (ख)
स्वाध्याय ३ : अडीच ब्रास